साती आसरांची पाठवणी

समुद्राखाली काम करणाऱ्या माणसाला आमच्या गावात दोन प्रश्न विचारायची पद्धत होती. "मासं चावत्यात का?" हा पहिला आणि "नाकात पानी जात न्हाई का?" हा दुसरा. दर सुट्टीत एसटीतून उतरल्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत मी याच दोन प्रश्नांची उत्तरं देत जायचो. मासे सहसा चावत नाहीत. नाकात पाणी जातं, मग ते शिंकरून टाकायचं. एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं आणि बोलणं पावसाकडे वळायचं.

मी आरमारात पाणबुड्या होतो. कर्जत तालुक्यातला माणूस आरमारात काय करतो, हे कोडं मलाही कधी सुटलं नाही. आमच्याकडची पोरं पलटणीत जायची, नगरला भरतीला उभी राहायची. मीही तसाच उभा राहिलो. छाती मोजणाऱ्यानं सहज विचारलं, पोहता येतं का? मी तोऱ्यात हो म्हणालो. माझं पोहणं म्हणजे मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलेलं. त्या एका हो म्हणण्यापायी उमेदीची सगळी वर्षं खाऱ्या पाण्यात गेली. जीभ सैल सोडली की हे असं होतं, आणि माझी जीभ पहिल्यापासून सैलच.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास माझी नेमणूक दक्षिणेकडच्या एका बंदरावर झाली. तिथून आम्हाला बोटीनं बेटांवर पाठवत. बेटं कसली, समुद्रात मांडून ठेवलेल्या पराती. मधे उथळ हिरवट-निळं पाणी आणि भोवती पोवळ्यांच्या खडकांचा कठडा. त्या कठड्यातून बोटींना आत यायला एक चिंचोळी वाट असायची. वाटेच्या खुणेसाठी पाण्यावर पिंपं तरंगत ठेवलेली आणि ती साखळ्यांनी तळाशी बांधलेली. साखळ्या गंजायच्या, खडकात अडकायच्या, तुटायच्या. त्या सोडवायच्या, बदलायच्या, हे आमचं काम.

पाठीवर दाबून भरलेल्या हवेची दोन नळकांडी, कमरेला शिशाचं वजन, पायात रबरी पंखे, तोंडात रबराचा तुकडा, आणि डोळ्यांवर-नाकावर काचेचा मास्क. पाणी कोमट, आंघोळीच्या बादलीत विसण घातल्यावर होतं तेवढं. आणि उजेड इतका, की पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा मला वाटलं, कुणीतरी खालूनही दिवे लावलेत. पिवळे मासे, निळे मासे, एकाच अंगावर चार रंग घेऊन फिरणारे मासे. पोवळ्याची झाडं म्हणावीत तर दगड, दगड म्हणावेत तर जिवंत. कठड्याजवळ गेलं की सारखा एक आवाज यायचा, कुरुम-कुरुम. पोपटासारख्या चोचीचे मोठे मासे तो खडक फोडून खात असतात, त्याचा आवाज. गोठ्यात बैल कडबा खातात तसा. त्या आवाजानं मला घरची इतकी आठवण आली की मास्कच्या आत डोळे भरले.

पण नव्याचे नऊ दिवस. रोज उठून तेच पाणी, तीच साखळी, तोच गंज. पोवळ्याच्या कडा पात्यासारख्या असतात. हाताला ओरखडा आला की तो महिनाभर चिघळायचा. माझा उजवा कान तर कामातून गेला होता. खाली जाताना प्रत्येक परसागणिक कानात दाभण शिरल्यासारखं व्हायचं. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली; आमच्या विहिरी अशाच मोजतात, आणि मी समुद्रही मनातल्या मनात तसाच मोजायचो. वर आलो की कधी नाकावाटे मास्कमध्ये रक्त आलेलं दिसायचं. ते धुवून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी परत उतरायचं. देखण्या जागीसुद्धा माणूस दमतो, पण हे सांगणार कुणाला? गावाकडे सगळे म्हणत, बेटावर मजा हाय गड्याची.

आईला तर खालचं काही सांगायचीच सोय नव्हती. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आई, माझी बायको आणि दोन लहान मुलं. मळा आणि विहीर चुलत्यांबरोबर सामाईक. त्या विहिरीत, आतल्या पायऱ्यांजवळच्या एका कोनाड्यात, शेंदूर लावलेले सात गोटे होते. त्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडे जुन्या विहिरींना त्या असतातच. अमावास्येला त्यांना दहीभात, हळदकुंकू, वर्षातून एकदा हिरव्या बांगड्या. पावसाळ्यात त्यांचा कोनाडा पाण्याखाली जायचा, उन्हाळ्यात उघडा पडायचा. रागावल्या तर त्या माणसाला आत ओढतात आणि राजी असल्या तर बुडत्याला वर लोटतात, असं आई सांगायची. मी आरमारात गेल्या दिवसापासून तिनं माझा सगळा भार त्या सात जणींवर टाकला होता.

"आई, त्या हितं विहिरीत. मी तिकडं समुद्रात. त्यांचा माझा काय संबंध?" मी एकदा विचारलं होतं.

"पानी वर येगळं दिसतंय," ती म्हणाली. "खालनं समदं एकच हाय."

मी भूगोल सांगून पाहिला. मधे डोंगर आहे, घाट आहे, चार मुलुख आहेत. ती म्हणाली, "डोंगराच्याबी खालनं." भूगोल तिथंच संपला. खाली काय दिसतं ते मी सांगायला लागलो की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. आसरांच्या घरातलं बाहेर बोलू नये, बोलणाऱ्याला त्या ठेवून घेतात, असा तिचा समज. मग मीही सांगणं सोडून दिलं.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीचीही दोन वर्षं ओढगस्तीचीच होती. त्र्याहत्तरचा उन्हाळा तोंडावर असताना मी सुट्टीवर निघालो. दौंडला गाडीतून उतरलो, कर्जतची एसटी धरली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बघण्यासारखं काही नव्हतं. शिवारात हिरवं म्हणून बाभळीसुद्धा राहिल्या नव्हत्या. पाला ओरबाडून शेळ्यांना घातलेला. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरचे बाया-बाप्ये खडी फोडत बसलेले. डोक्यावर फडकी, हातात हातोडी, पुढ्यात दगडांचा ढीग. त्यातच एका ढिगापाशी मला माझी बायको दिसली. एसटी थांबली नाही. मी हात केला, तिनं पाहिलं, आणि पुन्हा हातोडी उचलली. हजेरी बुडाली असती.

संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुवायचे म्हणून ओल्या फडक्यानं पुसले, आणि मुलं बाहेर गेल्यावर म्हणाली, "तुमी आलात ते बरं झालं. आत्याबाईंचं काय ते बगा आता."

"काय झालं?"

"त्या पानी पीत न्हाईत."

गावात टँकर एक दिवसाआड यायचा. माणशी मोजकं पाणी मिळायचं, तेही रांगेत भांडून. आई आपल्या वाटचं पाणी वेगळं ठेवायची, असं बायको सांगू लागली. घोटभर पिऊन बाकीचं तांब्यात भरायची आणि सकाळी मळ्यात जायची. विहिरीत उतरायची आणि ते कोनाड्यातल्या गोट्यांवर ओतायची. विहिरीला ओल नव्हती. तळातला गाळ तडकून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. पण कोनाडा रोज ओला व्हायचा.

"मी लई सांगितलं," बायको म्हणाली. "माझ्या वाटचं देऊ का म्हनलं. त्येबी घेत न्हाईत, म्हनत्यात, तुला पोरं हायेत. चक्कर येऊन दोनदा पडल्या. अशानं पावसाळा बगायच्या न्हाईत त्या."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागून मळ्यात गेलो. विहिरीच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय देत ती उतरत होती, एका हातात तांब्या, दुसरा हात भिंतीला. साठीच्या पुढची बाई. मी वरून ओरडणार होतो, पण ओरडलो तर दचकून पडेल म्हणून गप्प राहिलो. कोनाड्यापाशी ती टेकली. एकेका गोट्यावर थोडं थोडं पाणी घातलं, कुणाला कमी पडू नये अशा बेतानं. तांब्याच्या बुडाशी उरलेलं बोटांवर घेतलं तर मला वाटलं, आता ओठांना लावेल. तिनं ते शेवटच्या गोट्याला लावलं.

ती वर आल्यावर तिचे ओठ मी जवळून पाहिले. फुटून काळे पडले होते. मला राग आला. दमलेल्या माणसाचा राग वाईट असतो, तो नेमका सगळ्यांत जवळच्या माणसावर निघतो.

"आई, माणसं पाण्यावाचून तडफडतात आणि तू दगडांना पाणी घालतेस?"

"त्यांच्यासाठी न्हाई घालीत," ती म्हणाली. "तुझ्यासाठी घालते. त्यांचं घर वाळलं तर त्या जातील निगून. मंग तिकडं तुला वर कोन लोटील?"

"मला वर यायला पंखे आहेत. हवा आहे."

"त्ये सरकारचं." सरकारचं म्हणजे बेभरवशाचं, हे तिनं सांगायची गरज नव्हती. मग ती म्हणाली, "हितं पानी येस्तोवर तू जाऊ नगंस. आन् गेलास तर मी हे सोडायची न्हाई."

यातून वाट नव्हती. मी परत गेलो नाही तर पळपुटा ठरून अटक झाली असती. गेलो तर ती पाणी पिणार नव्हती, आणि पाऊस यायला अजून तीन-चार महिने होते. मी समजुतीचं बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, मुलांना तिच्या मांडीवर बसवून त्यांच्याकडून बोलवून पाहिलं. चुलत्यांनीही तिला झापलं. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि सकाळी तांब्या घेऊन निघायची. सुट्टी संपत आली तसा मी इतका वैतागलो की जिभेचा लगाम सुटला.

"एवढा पुळका आहे ना त्यांचा?" मी म्हणालो. "मग दे माझ्याबरोबर. तिकडं पाण्याला तोटा नाही. कंबरभर, गळाभर, पाहिजे तितकं. बसू देत तिथं सुखानं!"

मी चिडवायला बोललो होतो. आई उठून आत गेली. मला वाटलं, दुखावली. मी तसाच मळ्याकडे भटकून आलो. आलो तर ती अंगणात बसून पाट्यावर हळद वाटत होती.

"नेतोस म्हनालास ना?" ती म्हणाली. "ने."

बायको चुलीपुढून माझ्याकडे बघत होती. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, आता शहाणपणा करू नका. मी हो म्हणालो. माझ्या जन्मातला हा दुसरा महागातला होकार.

चुलत्यांना कळल्यावर ते तावातावानं आले. "वैनी, देवाचं ठान हलवू नये. पिढ्यान्‌पिढ्या बसल्यात त्या हितं."

"ठान वाळलं तर देव बसतील व्हय, भावजी?" आई म्हणाली. "लेकीचं म्हायार सुकलं तर तिला सासरी धाडत्यात का उपाशी ठिवत्यात?"

आणि तिनं खरंच पाठवणीच मांडली. मी निघायच्या आदल्या दिवशी ती स्वतः विहिरीत उतरली. मला उतरू दिलं नाही. लेकी न्यायला जावयानं चुलीपर्यंत येऊ नये, तसलं काहीतरी. मी तिचा मुलगा, त्यामुळे मी जावई कसा, असं विचारलं तर म्हणाली, "तू त्यांचा मुराळी." मुराळी म्हणजे लेकीबरोबर सोबतीला जाणारा भाऊ. एकेक गोटा ओच्यात घेऊन तिनं सात खेपा केल्या. अंगणात पाट मांडला, नव्यानं शेंदूर-तेल लावलं. गहू-तांदूळ कुठले? खडीवरच्या बायांना मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, मूठभर दाण्यांनी तिनं त्यांची ओटी भरली. शेजारच्या बायका आल्या. कुणी हिरवी बांगडी आणली, कुणी चिंधीएवढा खणाचा तुकडा. हसतील असं मला वाटलं होतं. एकीनं डोळ्यांना पदर लावला, मग दुसरीनं लावला, आणि दिवसभर दगड फोडून आलेल्या त्या बाया सात दगडांसाठी रडल्या. मी ओसरीवर मान खाली घालून बसलो होतो. मला लाज वाटत होती.

सकाळी गोटे माझ्या खाकी पिशवीत, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवले. आई वेशीपर्यंत आली नाही. मी निघताना ती ओसरीवर बसली, बायकोनं भरलेला तांब्या तिच्यापुढे ठेवला, आणि तिनं तो तोंडाला लावून सगळा रिता केला. गळ्यातून घोट उतरताना दिसत होते. मी तेवढं बघितलं आणि निघालो.

बायको रस्त्यापर्यंत आली. ती हळू आवाजात म्हणाली, "वझं वागवत बसू नगा. दौंडाच्या पुलावरनं भीमंत सोडा. त्यांस्नी काय कळतंय?"

मलाही ते पटलं होतं. पण दौंडच्या पुलावर पोचलो तर भीमेत वाळूच वाळू. मधे कुठं म्हशींच्या डबक्याएवढं पाणी. तिथं टाकायचे तर विहिरीत काय वाईट होतं? गाडीत पिशवी पायाशी ठेवून मी बसलो. सोलापूर गेलं, पुढे बोलीच बदलली, भाताची खाचरं दिसायला लागली, मग नारळ. जिथं तिथं पाणी. रस्त्याच्या कडेला पाणी, घरांच्या मागे पाणी. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

बेटावर गेल्यावर काम सुरू झालं. पिशवी खाटेखाली होती. पाण्यात दोघांनी जोडीनं उतरायचं असा आमचा नियम. माझा जोडीदार किनाऱ्यावरचाच, मासेमाऱ्याचा मुलगा. त्याला मी मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून तयारीत होतो. तो म्हणाला, त्याच्या घरी नवी होडी पाण्यात लोटताना त्याची आई तिच्याशी बोलते. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच कातड्याची पिशवी आणून दिली, गोटे कमरेला बांधायला.

साखळीचं काम उरकून आम्ही कठड्याच्या बाहेरच्या अंगाला गेलो. तिथं खडक भिंतीसारखा खाली उतरतो. मी चांगली प्रशस्त जागा शोधत दहा-बारा परस खाली गेलो. कानात दाभण फिरत होतं. एका कपारीत गोटे मांडायला काढले आणि बघतो तर काळे. शेंदूर काळपट, वाळलेल्या रक्तासारखा. खोल पाण्यात तांबडे रंग मरतात. आधी लाल जातो, मग नारिंगी. हे मला शिकवलेलं होतं, रोजच्या पाहण्यातलं होतं. तरी ते सात काळे गोटे कपारीत ठेवायला माझा हात पुढे होईना. आईनं स्वतःच्या हातानं लावलेला शेंदूर, आणि मी त्यांना जिथं तो दिसणारच नाही अशा अंधारात बसवणार होतो.

जोडीदारानं खुणेनं विचारलं, काय झालं? मी गोटे परत पिशवीत भरले आणि वर बोट दाखवलं. आम्ही भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू चढत आलो. सहा परस. चार परस. मी पुन्हा पुन्हा पिशवी उघडून बघत होतो, दुकानातून लुगड्याचा रंग उजेडात आणून बघावा तसा. तीन परसांवर पोवळ्याची एक सपाट ओसरी होती आणि तिथं रंग परत आला. शेंदूर लखलखला. मी सातही जणी तिथं ओळीनं बसवल्या. आईनं दिलेली हळदीकुंकवाची पुडी सोडली तर ते वर न जाता, खाली न जाता पसरत राहिलं, आणि छोटे पिवळे मासे ते खायला धावले. चव घेऊन त्यांनी थुंकून टाकलं. मला हसू आलं आणि तोंडातला रबर सुटता सुटता राहिला.

वर आलो तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. नेहमीपेक्षा जास्त.

त्या वर्षी पाऊस झाला. दिवाळीच्या सुमारास मी घरी आलो तर शिवार ओळखू येत नव्हतं. ज्वारी गुडघ्यापर्यंत, विहिरीत पाणी कोनाड्याच्या वर. आईच्या अंगावर थोडं मांस चढलेलं. कोनाड्यात दुसरे गोटे बसवावेत म्हणून चुलते मागे लागले होते, तिनं ऐकलं नव्हतं. विहीर आता नुसत्या पाण्याची, असं म्हणायची. मी आलो त्या दुपारी जेवणं झाल्यावर ती ओसरीवर माझ्या समोर येऊन बसली. काहीतरी विचारायचं होतं आणि जमत नव्हतं.

"खालचं कसं हाय रं?" शेवटी ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "सांगू नये म्हणतेस ना?"

"आता आपल्याच हायेत तिथं. सोयऱ्याच्या घरचं इचारायला काय हुतंय?"

मग तिनं एकेक विचारलं. उजेड असतो का? असतो, दुपारी तर इथल्यासारखा. पाणी गार लागतं का? नाही, कोमट. रात्री? रात्री मासे कपारींत झोपतात. शेजार कसा आहे? मी पोपटमाशाचं सांगितलं, कुरुम-कुरुम आवाजाचं सांगितलं, खडकात राहणाऱ्या आणि वाळूतून डोळे काढून बघणाऱ्या प्राण्यांचं सांगितलं. घर कशाचं आहे, तिनं विचारलं. पोवळ्याचं, मी म्हणालो.

"पवळ्याचं? दागिन्यातल्या?"

"तसल्याच जातीचं. डोंगराएवढं."

तिनं आत हाक मारली. "आगं, ऐकलंस का? चांगल्या घरी पडल्या पोरी. पवळ्याचं घर!" बायको पीठ लागल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच बसली. मुलंही आली. इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटलो. एवढं बोललो की न सांगायचंही सांगून गेलो. काळा पडलेला शेंदूर, म्हणून वर आणलेल्या त्या, आणि खाली उतरताना दुखणारा कान.

"कानाला काय?" आई म्हणाली.

"काही नाही. दुखतो जरा."

तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. कानाची पाळी ओढून आत बघितलं. लहानपणी लसणीचं तेल घालताना बघायची तसं. तिला काय दिसणार होतं? तरी ती बराच वेळ बघत राहिली.

"कधीपास्नं?"

"दोन-तीन वर्षं झाली."

"बोलला न्हाईस."

"तू कधी विचारलं नाहीस." हे मी तोडून बोललो. बोलल्यावर वाईट वाटलं, पण शब्द गेलेला होता.

ती रागावली नाही. माझा चेहरा तिनं सोडलाही नाही. "मला एवढंच पुसायचं ठाव हुतं," ती म्हणाली, "की जित्ता हाय का न्हाई. त्याच्यापल्याड काय पुसायची मला भ्याच वाटायची." मग तिनं माझ्या डोळ्यांखालून अंगठा फिरवला. "लई दमलास रं लेकरा. बास झालं आता. तिथं आता आपल्या सात जनी हायेत. तू ये माघारी."

खात्यातले म्हणायचे, अजून चार वर्षं काढ. चुलते म्हणायचे, सरकारी नोकरी सोडू नकोस. बायको म्हणायची, जपून राहा. गाव म्हणायचं, मजा आहे. तू ये आता, असं तोवर मला कुणीही म्हटलेलं नव्हतं. मी मोठा बाप्या माणूस, मुलांदेखत, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडलो.